सातवी पूड

वडील तिरोडीचं क्वार्टर सोडून बालाघाटला माझ्याकडे राहायला आले तेव्हा त्यांच्या सामानात एक लोखंडी पेटी, दोन सतरंज्या आणि एक खल होता. खल पांढऱ्या चिनी मातीचा, परातीएवढा, जाड काठाचा. बसमधून तो मांडीवर घेऊन आले होते. मी स्टँडवर घ्यायला गेले आणि तो उचलायला हात पुढे केला, तर म्हणाले, पेटी घे, हा मी आणतो.

ते मँगनीजच्या खाणीत सँपलर होते. निघालेल्या मालाचा नमुना घ्यायचा, तो फोडायचा, कुटायचा, खलायचा आणि चिमूटभर पूड कागदात बांधून केमिस्टकडे द्यायची, हे काम. ढीगभर दगडात काय आहे ते त्या चिमटीवरून ठरायचं. म्हणून चिमटी खोटी बोलता कामा नये, असं ते म्हणत. पुढे दळायचं मशीन आलं, जुना खल बाद झाला, तो त्यांनी साहेबांना विचारून घरी आणला. आईला त्यात मिरची कुटायची होती. ती जाईपर्यंत त्यांनी कुटू दिली नाही.

मी इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. वर्गात हिंदी, स्टाफरूममध्ये हिंदी, घरी आमची तिरोडीकडची मराठी. नवरा बैहरला नोकरीला आहे. शनिवारी येतो, सोमवारी पहिल्या बसने जातो. मुलगी बाहेर शिकते. म्हणजे घरात दिवसभर वडील एकटे. त्याच सुमाराला मी नागपूरला पीएचडीसाठी नाव नोंदवलं होतं. या वयात कशाला, असं बरेच जण म्हणाले. मला प्रमोशन हवं होतं, आणि विषयही आवडला होता. दोन्ही खरं आहे.

विषय असा: उन्हाच्या जोरावर पाण्यातून हायड्रोजन काढायचा. हायड्रोजन जळला की पुन्हा पाणीच होतं, धूर नाही, म्हणून इंधन म्हणून त्याच्यावर जगभर डोळा आहे. पण नुसतं ऊन पाण्यावर पडून काही होत नाही. मध्ये एक पूड लागते, जी ऊन पिऊन घेते आणि ते बळ पाण्याला देते. माझी पूड युरियाची. युरिया झाकणाच्या वाटीत घालून भट्टीत तापवला की शेवटी हलक्या पिवळ्या रंगाची पूड उरते. ती थोड्या प्लॅटिनमबरोबर पाण्यात सोडायची, पाण्यात आणखी एक रसायन घालायचं, जे या कामात खर्ची पडतं, आणि काचेचं भांडं उन्हात ठेवायचं. बुडबुडे येतात. अडचण अशी की ही पूड उन्हातला फक्त जांभळा-निळा भाग घेते, बाकीचं ऊन तिच्यावरून वाहून जातं. आणि जे घेते त्यातलंही बहुतेक वाया जातं. उन्हाने पुडीतले विजेचे कण सुटतात खरे, पण पाण्यापर्यंत पोचायच्या आत ते पुन्हा आपल्या जागी जाऊन बसतात. तेव्हा पुडीने जास्त ऊन घ्यावं आणि घेतलेलं टिकवावं, एवढंच माझं काम. आमच्यासारखी कामं करणारे हजारो लोक असतील.

कॉलेजातली मुलं मला मागून यूरिया वाली मैडम म्हणायची. पुढून विचारायची, "मैडम, गैस बन गई क्या?"

वडिलांना मी हे सगळं एकदा जेवताना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "धानाले घालाचा युरिया तू भाजून राह्यली?"

मी म्हटलं, हौ.

"अन् सरकार तुले यासाठी डॉक्टर म्हणणार?"

त्यानंतर घरी कोणी आलं की ते माझी ओळख अशीच करून द्यायचे.

युरियाचे दाणे असतात. ते तापवण्याआधी एकसारखे बारीक करावे लागतात, नाहीतर एक भाग आधी वितळतो आणि एक मागून. कॉलेजचा खल तळहाताएवढा आणि काठाला फुटलेला. मी घरी आणून रविवारी त्यात घासत बसायची. वडील दोन रविवार बघत राहिले. तिसऱ्या रविवारी त्यांनी पेटीमागून आपला खल काढला. तुझ्याच्याने हे होत नाही, असं ते म्हणाले, आणि तसं ते होतही नव्हतं. मी आधी त्या खलात मँगनीज राहिलंय का ते तपासून घेतलं. काही निघालं नाही. त्याचा त्यांना राग आला, पण तपासलं ते बरं केलं असंही म्हणाले.

तेव्हापासून खलण्याचं काम त्यांचं झालं. व्हरांड्यात पाय लांब करून बसायचे, खल दोन मांड्यांच्या मध्ये, उजव्या हातात बत्ता. बत्ता आपटायचा नाही, फिरवायचा. मध्येच पूड बोटांत घेऊन कानाशी चोळायचे. चरचर ऐकू आली तर अजून बाकी आहे. अशी पूड माझ्या हातून कधी झाली नाही, आणि कॉलेजातल्या मशीनमधूनही नाही.

वाद व्हायचे. पहिल्याच वेळी त्यांनी युरियाचा ढीग केला, तो वरून दाबून चपटा केला, त्याचे चार भाग केले आणि समोरासमोरचे दोन भाग फेकून दिले. नमुना असाच घेतात. मी ओरडले की बाबा, हा नमुना नाही, हाच माल आहे, आणि शुद्ध युरिया वाटेवर पडलेला नसतो. ते म्हणाले, आधी सांगायचं.

दुसरा वाद राखेचा. खलून झालं की त्यांनी खल चुलीच्या राखेने घासला, भांडी घासावीत तसा. राखेत काय काय असतं ते मला माहीत, म्हणून मी चांगलीच चिडले. त्यानंतर त्या खलात झालेला सगळा माल टाकून दिला आणि बजावलं की खलाला काहीही लावायचं नाही, फक्त डिस्टिल्ड पाणी. कॉलेजातून पाण्याचा कॅन आणून व्हरांड्यात ठेवला. त्यांनी तो भिंतीशी सरकवून ठेवला. पाण्याने खल स्वच्छ होतो यावर त्यांचा विश्वास नव्हता, हे मला समजायला हवं होतं. सँपल रूममध्ये खल ओला करत नसत. ओल्या खलातलं वजन खोटं, असं तिथलं म्हणणं. पण कॅन महिना-महिना संपायचा नाही, आणि वडील पाणी जपून वापरतात म्हणून मी खूश होते. मला वाटतं मी जिथे जिथे खूश होते तिथे तिथे चुकले.

त्यांचा आणखी एक नियम होता. घासून झालेला खल उपडा ठेवायचा. उपडा म्हणजे स्वच्छ, उताणा म्हणजे कामात. सँपल रूममध्ये कोणी कोणाला विचारायचं नसे, खल बघायचा.

अशा सहा पुड्या झाल्या. पूड म्हणजे एक वेळचा माल, त्याला आम्ही नंबर द्यायचो. सहाही बऱ्या निघाल्या, लोक छापतात तेवढ्याच. सातवी पूड भट्टीतून काढली तेव्हाच रंग वेगळा दिसला. गडद पिवळा, थोडासा हिरवट. गडद म्हणजे जास्त ऊन घेणार. मी पूड नेहमीसारखी पाण्याने धुतली, वाळवली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच्या एका दुपारी कॉलेजच्या गच्चीवर भांडं मांडलं.

एरवी बुडबुडे शोधावे लागायचे. त्या दिवशी ते रांगेने वर चढत होते. उपड्या नळीत पाणी डोळ्यांदेखत खाली सरकत होतं. मी छत्री धरून दोन तास तिथे उभी होते. नंतर पूड नागपूरला नेली, तिथल्या यंत्रावर वायू मोजला. हायड्रोजनच होता आणि माझ्या बाकी पुड्यांपेक्षा कितीतरी जास्त. माझे मार्गदर्शक सर सहसा हसत नाहीत. ते हसले. म्हणाले, अशाच आणखी तीन करून आणा, मग बघू.

घरी येऊन वडिलांना सांगितलं. त्यांनी विचारलं, सातवी? मी म्हटलं, सातवी. ते बराच वेळ बत्त्याकडे बघत होते. मला वाटलं, आनंद झाला असेल.

आठवी पूड फिकी निघाली. नववी तशीच. दहावी, अकरावी तशाच, पहिल्या सहांपेक्षाही फिक्या. मी युरियाची बाटली बदलली. भट्टीचं तापमान दुसऱ्या तापमापकाने तपासलं. बालाघाटची वीज बेभरवशाची, म्हणून स्टॅबिलायझर लावला. वाटीचं झाकण सैल केलं, घट्ट केलं. पावसाळ्यातला युरिया आणि हिवाळ्यातला युरिया वेगवेगळा ठेवला. जवळजवळ दोन वर्षं गेली. सातवी पूड तर तपासण्यातच संपली होती. तिच्यात काय काय आहे ते बघणाऱ्या यंत्राची वेळ मिळेपर्यंत माझ्याकडे काचेला चिकटलेला पिवळेपणा तेवढा उरला होता.

वडिलांनाही विचारलं. एकदा नाही, पाच-सहा वेळा. सातव्या वेळी किती वेळ खललं, बत्ता कसा फिरवला, मध्ये कोणी आलं होतं का. ते सगळं सांगायचे, हाताने फिरवून दाखवायचे. शेवटी मी सरळच विचारलं, "बाबा, त्यात काई पडलं व्हतं काय?"

"नाई."

"आठवून सांगा."

"नाई म्हणलं ना."

तीस वर्षं ज्यांच्या चिमटीबद्दल कोणी तक्रार केली नाही त्यांचा शब्द होता. मी तो प्रश्न बंद केला.

या काळात दोन-तीन गोष्टी घडत होत्या. त्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या, आणि पुडीच्या रंगातला नखभर फरक मला दिसत असे. एक म्हणजे डिस्टिल्ड पाण्याचा कॅन आता आठवड्यात संपायला लागला होता. मी वडिलांना म्हटलं, आता कुठे माझं ऐकायला लागलात. दुसरं, खल नेहमी उताणा दिसायचा. विचारलं तर म्हणाले, काम चालूच आहे तर कशाला उपडा करा. मला पटलं, कारण पुड्यांवर पुड्या करायला मीच लावत होते. तिसरं, त्यांना खलायला वेळ लागायला लागला. सकाळी दिलेला युरिया संध्याकाळी मिळायचा. मी घाई करायचे.

नवऱ्याने एका शनिवारी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाबांचा हात पाह्यला काय?"

मी म्हटलं, वय झालं त्यांचं. तो म्हणाला, वय दोन्ही हातांचं होते, हा एकच हात बारीक झाला. मग मी पाहिला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी जो मांसाचा उंचवटा असतो तो बसला होता. तिथे खड्डा होता. ते बत्ता दोन्ही हातांनी धरून छातीच्या जोराने फिरवत होते. असं किती दिवस चाललं होतं ते त्यांनी सांगितलं नाही.

गोंदियाला दाखवलं, मग नागपूरला. डॉक्टरांनी सांगितलं की स्नायू वाळत जाणारा आजार आहे, हातापासून सुरू झाला, पुढे पाय, मग जीभ, मग श्वास. औषध लिहून दिलं आणि त्याने बरं होणार नाही हेही सांगितलं. बाहेर येऊन वडिलांनी विचारलं, काय म्हणाला. मी होतं तसं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता, ते स्वतः तीस वर्षं निकालाच्या चिठ्ठ्या वाचत आले होते. परतीच्या गाडीत ते म्हणाले, खलाचं काम मी करू शकतो अजून. मी म्हटलं, बघू.

त्यांनी ते आणखी काही महिने केलं. नीट होत नव्हतं. चाळणीवर निम्मं राहायचं, आणि तेवढं मी कॉलेजात मशीनला लावायची. ते त्यांना सांगितलं नाही.

मग सरांचा फोन आला. थंडीचे दिवस होते, मी व्हरांड्यात बसून वह्या तपासत होते आणि हात मोकळे राहावेत म्हणून फोन स्पीकरवर ठेवला होता. वडील पलीकडे खुर्चीत. तोवर त्यांचं बोलणं जड झालं होतं. सर म्हणाले की प्रबंध द्यायची मुदत जवळ आली आहे, तेव्हा सातवा नमुना प्रबंधातून काढून टाका. मी म्हटलं, सर, तो आला होता, तुमच्याच यंत्रावर मोजला होता. ते म्हणाले, मोजला खरा, पण पुन्हा एकदाही आला नाही. मग म्हणाले, "मॅडम, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण परीक्षक म्हणतील, आकडा बनवलेला आहे."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. सातवी पूड काढली तर माझ्या प्रबंधात काही उरत नव्हतं. ठेवली तर मी खोटारडी ठरत होते. मी पुढची वही उघडली.

वडील म्हणाले, "खल आण."

त्यांना काय हवंय ते कळेना. खल त्यांच्यासमोर ठेवला. मग म्हणाले, मीठ. मी बारीक मिठाचा पुडा आणायला लागले तर मान हलवली. खडे मीठ. ते आमच्याकडे लोणच्यासाठी आणतात. एरवी ते वर्षभर पुरायचं. पहिल्या पुड्यांच्या दिवसांत ते लवकर संपत होतं, हे मला तिथे स्वयंपाकघरात उभी असताना आठवलं.

त्यांचे हात मांडीवर पडून होते. ते सांगत गेले, मी करत गेले. मूठभर मीठ टाक. घास. कोरड्या फडक्याने. अजून घास. मिठाचे खडे मोडून त्यांचं पीठ झालं, आणि खल असा पांढरा निघाला की मी कधी पाहिला नव्हता. सँपल रूममध्ये असाच घासत. मीठ आधीचा माल ओढून घेतं, म्हणायचे. मी राख बंद केली तेव्हापासून ते माझ्या मागे मीठ वापरत होते. एका नमुन्याचा माल दुसऱ्यात जाऊ नये म्हणून. माझं काम खोटं निघू नये म्हणून.

"आता उलटा कर," ते म्हणाले.

मी खल दोन्ही हातांनी उचलून वर्तमानपत्रावर उपडा केला. मीठ खाली पडलं. वरून फडकं मारलं.

"सातव्या टायमाले," ते म्हणाले, आणि प्रत्येक शब्दाला थांबत होते, "मले उलटा नाई करता आला."

हात निसटला होता. त्या दिवशी पहिल्यांदा. खल उचलला गेला नाही, मीठ तळाशी राहिलं. फडक्याने निघेल तेवढं काढलं. मी कॉलेजला निघायच्या घाईत युरियाची बाटली घेऊन दारात उभी होते आणि झालं का, झालं का विचारत होते. ते म्हणाले, हौ, आण. त्या मिठावरच युरिया ओतला. पुढच्या वेळेपासून घाबरून मीठ सोडलं आणि मी सांगितलं होतं तसं डिस्टिल्ड पाणी वापरलं. उचलायला नको, पाणी फडक्याने टिपून घेता येतं. आठव्या पुडीपासून त्यांनी माझं तंतोतंत ऐकलं होतं. म्हणून ती पूड पुन्हा झाली नाही.

मी म्हटलं, "दोन वर्षं, बाबा. मी किती खेपा इचारलं तुमाले."

"सांगतलं असतं," ते म्हणाले, "तं तू मले खल देला नसता."

ते खरं होतं. ज्याला खल उलटा करता येत नाही त्याच्याकडे मी काम दिलं नसतं. त्याला डॉक्टरकडे नेलं असतं, खुर्चीत बसवलं असतं, आणि मशीन लावलं असतं.

थोड्या वेळाने ते आणखी एक म्हणाले. माझ्या हातून सँपल खराब झालं असं प्रबंधात लिहू नको.

दुसऱ्या दिवशी मी खल कॉलेजात नेला. मुदतीला अजून काही महिने होते. मीठ किती घातलं की काय होतं ते मोजून बघायचं होतं, एकामागून एक पुड्या करायच्या होत्या, भट्टी तिथे होती. रोज जड खल ने-आण करण्यात अर्थ नव्हता. रिक्षात ठेवला तेव्हा वडील व्हरांड्यात बसले होते. मी म्हटलं, बाबा, काम संपलं की आणते. ते म्हणाले, "हौ."

ज्या गोष्टीला भिऊन त्यांनी दोन वर्षं खोटं सांगितलं होतं, तीच मी, त्यांनी खरं सांगितल्याच्या दुसऱ्या सकाळी, केली. हे मला रिक्षात बसल्यावर कळलं नाही. कामात होते. खूप नंतर कळलं.

मिठाने काम केलं. पहिलीच पूड गडद आली, गच्चीवर बुडबुडे रांगेने चढले. जास्त मीठ घातलं की बिघडतं, फार कमी घातलं तर फरक नखभरच पडतो, मध्ये एक जागा आहे. भट्टीतल्या उष्णतेला मीठ वितळत नाही, पण युरिया वितळतो, मिठाच्या कणांभोवती बसतो आणि पुडीचे थर नीट रचले जातात. मीठ शेवटी धुण्यात निघून जातं, मागे खूण ठेवत नाही. फक्त थोडं सोडियम थरांमध्ये अडकून राहतं, आणि त्याच्या जोरावर पूड हिरव्याकडचं ऊनही घेते. मीठ घालून अशी पूड करता येते हे दुसऱ्या लोकांनी, दुसऱ्या वाटेने आधीच लिहिलं होतं. ते मी मागाहून वाचलं. म्हणजे शोध वगैरे काही नव्हता. पण माझा सातवा आकडा खरा होता. सर म्हणाले, आता ठेवा.

घरी येऊन वडिलांना सांगितलं की जमलं, चार वेळा जमलं. त्यांना आता बोलता येत नव्हतं, अक्षरांचा तक्ता समोर धरावा लागायचा आणि ते डोळ्यांनी दाखवायचे. मला वाटलं, किती वायू आला ते विचारतील. त्यांनी बऱ्याच वेळाने विचारलं ते हे की खल उपडा ठेवते का. मी म्हटलं, ठेवते. खरं म्हणजे त्या घाईत मी तो कसाही ठेवत होते.

त्यानंतर ते दोन महिने होते. शेवटचे दिवस सगळ्यांचे असतात तसेच होते. नळी, घरघर, कूस बदलणं. गेले तेव्हा दुपार होती आणि व्हरांड्यात त्यांच्या जागेवर ऊन होतं. खल कॉलेजातच होता. काम संपलेलं नव्हतं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तिरोडीहून माणसं आली. त्यांच्यात वडिलांबरोबर सँपल रूममध्ये असलेले एक काका होते, आता बरेच वाकलेले. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, तरी ते व्हरांड्यात घोटाळत होते. शेवटी त्यांनी विचारलं, खल कुठे आहे. मी सांगितलं, कॉलेजात, माझ्या कामासाठी नेलाय.

"त्यानं देला?" त्यांनी विचारलं. "आमाले तं हात नाई लावू देला कधी."

मी म्हटलं, हौ, देला.

काका म्हणाले, मग लेकीवर लई जीव असला पाहिजे. मी आत जाऊन भांड्यांकडे बघायला लागले, कारण तीही कोणीतरी बघायला हवी होती.

प्रबंधात सातव्या नमुन्याबद्दल मी एवढंच लिहिलं: मिठासह. कसं, कोणी, का, हे काही नाही. खोटं नाही ते. तोंडी परीक्षेला नागपूरला गेले तेव्हा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी बाकी सगळं विचारून झाल्यावर ते पान काढलं. म्हणाले, पहिल्या सहा पुड्यांत तुम्ही मीठ मोजलेलं दिसत नाही, आठव्यापासून पुढच्या बऱ्याच पुड्यांतही नाही. मग मध्येच सातव्यात मीठ घालायची कल्पना कशी सुचली? सर माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं माहीत होतं.

मी म्हटलं, "वडिलांनी घातलं."

"ते रसायनशास्त्रज्ञ होते का?"

"सँपलर होते. तिरोडीच्या खाणीत."

परीक्षकांनी मान डोलावली आणि पुढचं पान उलटलं. पुढचा प्रश्न भट्टीच्या तापमानाचा होता.

खल अजून कॉलेजात आहे. आता दोन विद्यार्थिनी त्याच्यावर काम करतात. त्यांना मी मिठाने घासायला शिकवलंय, आणि ते पूर्ण निघालं की नाही हे बघायलाही. मीठ हवं असेल तेव्हा ते वजन करून घालतात. काम झालं की त्या खल टेबलावर उताणा टाकून निघून जातात, कितीही सांगितलं तरी. दोघींनी मिळून उचलावा लागतो म्हणतात, इतका जड आहे. मग प्रयोगशाळेला कुलूप लावायच्या आधी मी तो उपडा करते.